'काही नाही' या उत्तरामागे



घरात बारा-तेरा वर्षांच्या पुढचं मूल असेल, तर एक संवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. मूल शाळेतून येतं, दप्तर कोपऱ्यात टाकतं, चेहरा उतरलेला असतो. आई विचारते, 'काय झालं रे?' उत्तर येतं, 'काही नाही.' आमच्या घरी दखनी बोलली जाते. तिथं अम्मी विचारते, 'क्या हुवा?' आणि उत्तर येतं, 'कुछ नै.' भाषा बदलली तरी उत्तर बदलत नाही.

तरुण मुलांचं घराशी, मित्रांशी आणि शिक्षकांशी नातं कसं घडत जातं, या विषयावर मी बोलावं असं मला सुचवण्यात आलं. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. बीएपर्यंत शिकलो, मराठीत कविता लिहितो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयात गेली पंचवीसएक वर्षं नोकरी करतो. वाचनालयाला लागून अभ्यासिका आहे. दहावीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंतची मुलंमुली तिथं दिवसभर असतात. पुस्तकं देता-घेता त्यांचं बोलणं कानावर पडतं. आज जे सांगणार आहे ते त्यातूनच आलेलं आहे. थोडं वाचनातून आणि थोडं माझ्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांतून.

मला एक गोष्ट नेहमी दिसते. एकच मुलगा दिवसभरात तीन आवाजांत बोलतो. टेबलाशी येऊन पुस्तक मागताना त्याचा आवाज हळू आणि अदबीचा असतो. बाहेर पायऱ्यांवर मित्रांमध्ये तोच मुलगा टाळ्या देत असतो, शिव्याही देत असतो. आणि घरून फोन आला की तोच आवाज एकदम दोन शब्दांवर येतो, 'हो', 'येतो', 'काही नाही'. आईवडिलांना वाटतं, मूल अबोल झालं. खरं तर ते अबोल झालेलं नसतं. घराबाहेर, पाच-सात जणांत, ते पुष्कळ बोलत असतं. प्रश्न एवढाच, की ते कुणाशी बोलतं आणि कुणाशी बोलत नाही. माझ्या मते तरुण मुलाच्या नात्यांची खरी मोजणी तिथंच होते. त्यानं 'काही नाही' कुणाला सांगितलं आणि 'काहीतरी' कुणाला सांगितलं, ते पाहावं.

आधी घराचं बोलू.

लहानपणी मूल सगळं सांगतं. बाईंनी आज कुठली साडी नेसली होती, डबा कुणी सांडला, कोण कुणाला काय म्हणालं. आपण कंटाळतो, पण ते सांगतच राहतं. मग तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास हा ओघ आटतो. यात सगळंच काळजीचं नसतं. या वयात मुलाला स्वतःचा असा एक कोपरा हवा असतो. आपली बरीच घरं दोन खोल्यांची. तिथं भिंतीचा कोपरा मिळत नाही, म्हणून मूल गप्प बसण्याचा कोपरा करून घेतं. तेवढी सवलत त्याला द्यायलाच हवी. आपण तरी त्या वयात सगळं घरी सांगत होतो का?

काळजीचं 'काही नाही' वेगळं असतं. त्याच्यामागे एक हिशेब असतो. मूल मनात विचार करतं, सांगितलं तर काय होईल? आणि आजवरच्या अनुभवावरून त्याला उत्तर ठाऊक असतं. मित्राशी भांडण झालं असं सांगितलं, तर 'त्याच्याबरोबर फिरूच नकोस' हा हुकूम येईल. गणित जमत नाही असं सांगितलं, तर शेजारच्या मुलाचे मार्क ऐकावे लागतील. फोनवर कुणीतरी घाण मेसेज पाठवला असं सांगितलं, तर फोनच काढून घेतला जाईल. म्हणजे चूक कुणाचीही असो, सांगण्याची किंमत सांगणाऱ्यालाच मोजावी लागते. मग शहाणं मूल काय करेल? ते म्हणेल, 'काही नाही.'

मुलींच्या बाबतीत ही किंमत फार मोठी असते. आमच्या अभ्यासिकेत काही वर्षांपूर्वी एक मुलगी यायची. दहाबारा किलोमीटरवरच्या खेड्यातली, अकरावीत शिकणारी. गावाकडच्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, त्या पासावर ती ये-जा करायची. कॉलेज सुटल्यावर साडेपाचच्या बसनं तिनं घरी जायला हवं. पण महिनाभर मी पाहत होतो, ती सातच्या शेवटच्या बसपर्यंत अभ्यासिकेत बसून राहायची. पुस्तक उघडं असायचं, पान तेच. एकदा मी विचारलं, 'बस चुकली का गं?' ती म्हणाली, 'काही नाही, काका.'

साडेपाचच्या सुमारास स्टँडवर मोटारसायकली घेऊन काही पोरं उभी राहत आणि तिच्या नावानं ओरडत, हे नंतर कळलं. सात वाजता ती नसत. महिनाभर उशिरा घरी गेल्याबद्दल तिनं आईची बोलणी खाल्ली, पण कारण सांगितलं नाही. कारण तिला नेमकं माहीत होतं, घरी हे कळलं तर त्या पोरांचं काही होणार नाही, आपलं कॉलेज मात्र बंद होईल. तिच्या चुलत बहिणीचं तसंच झालं होतं. शाळा सुटली आणि वर्षाच्या आत लग्न लागलं.

ही गोष्ट बाहेर आली ती तिच्या मैत्रिणीमुळे. त्या दोघींमध्ये 'कुणाला सांगू नकोस' असा शब्द झालेला होता. मैत्रीण काही दिवस तो पाळत राहिली. मग तिलाच ते सोसेना. तिनं कॉलेजातल्या एका मॅडमना सांगितलं. आणि या मॅडमनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी लगेच वडिलांना फोन लावला नाही. आधी त्या मुलीलाच बोलावून विचारलं, 'घरी मी सांगू का? आणि कसं सांगू?' मग रविवारी त्या तिच्या गावी गेल्या. पहिल्यांदा आईशी बोलल्या. वडील आले तेव्हा म्हणाल्या, 'मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण आधी शब्द द्या, काहीही झालं तरी पोरीचं शिक्षण थांबणार नाही.' वडील शेतकरी माणूस, गोंधळले, पण त्यांनी शब्द दिला. तो शब्द मिळाल्यावर मॅडमनी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस वडील स्वतः साडेपाचला स्टँडवर येऊन उभे राहिले. मॅडमनी पोलीस चौकीत आणि स्टँडच्या कंट्रोलरकडे सांगून ठेवलं. पोरं पांगली. ती मुलगी बारावी झाली, पुढे नर्सिंगला गेली.

श्रोतेहो, या घटनेत मैत्रीण आहे, शिक्षिका आहे आणि घर आहे. तिघांपैकी एक जरी निखळलं असतं तरी त्या मुलीचं शिक्षण संपलं होतं. आपण मात्र या तिघांना एकमेकांचे स्पर्धक समजतो. 'घरच्यांपेक्षा मित्र जवळचे झाले', 'सर सांगतील तेच खरं, आम्ही कोण?' अशी वाक्यं आपण ऐकतो. मूल मित्राकडे गेलं म्हणजे घरापासून तुटलं असं नव्हे. पुष्कळदा मित्राकडून शिक्षकाकडे आणि शिक्षकाकडून पुन्हा घराकडे असा वळसा घेऊनच त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचतं. तो रस्ता मोकळा ठेवणं आपल्या हातात असतं.

आता मित्रांचं.

आपल्याकडे संगतीचा धाक फार. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असं आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर मोटार चालवायचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाला की गाडी कधी थांबवायची हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. पुढे गेलं तर गुण जास्त, पण धडकेची भीती. काहींना हा खेळ एकट्यानं खेळायला दिला, काहींना बरोबरीच्या मित्रांसमोर. तेरा ते सोळा वयाची मुलं मित्र पाहत असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्या माणसांमध्ये मात्र मित्र असण्या-नसण्यानं फारसा फरक पडत नव्हता. मेंदूचे अभ्यासकही सांगतात, की आनंदाकडे आणि थराराकडे ओढणारा भाग या वयात लवकर जागा होतो आणि आवर घालणारा भाग पुरता तयार व्हायला पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. तीन मुलं एका मोटारसायकलवर बसून का सुसाट जातात, याचं उत्तर त्यात आहे. ती एकेकटी वाईट नसतात. तिघं मिळून वेगळीच होतात.

पण मित्रांची ही एकच बाजू आपण धरून बसतो. मित्र हे मुलाचं स्वतः निवडलेलं पहिलं नातं असतं. आईवडील, भावंडं, शेजार, जात, धर्म, गल्ली हे सगळं त्याला जन्मानं मिळतं. मित्र तो निवडतो, आणि मित्रानंही त्याला निवडावं लागतं. रुसवा कसा काढायचा, शब्द कसा पाळायचा, आपल्याहून वेगळ्या माणसाच्या घरात कसं वागायचं, हे सगळं तो तिथं शिकतो. मी माझ्यापुरतं सांगतो. घरची भाषा दखनी आणि शाळेतली मराठी पुस्तकी. बोलती मराठी मी शिकलो ती मित्राच्या ओसरीवर. त्याच्या आईला मी काकी म्हणायचो. काकी शेंगा फोडता फोडता गावातल्या प्रत्येकाबद्दल काहीतरी बोलायच्या, आणि एकेका वाक्यात दोन-दोन म्हणी असायच्या. माझ्या कवितेत जी काही मराठी आहे तिचा मोठा भाग त्या ओसरीवरचा आहे. अब्बांना ठाऊक होतं की पोरगा रोज संध्याकाळी तिथं असतो. त्यांनी कधी मना केलं नाही. ते फक्त अधूनमधून विचारायचे, 'उसके बाप की तबेत कैसी है?' म्हणजे माझ्या मित्राचंच नव्हे, त्याच्या घराचंही त्यांना माहीत असायचं.

आज ओसऱ्या कमी झाल्या आणि मित्र खिशातल्या फोनमध्ये आले. पूर्वी मित्रांनी वाळीत टाकलं तर निदान घरी येऊन उशीत तोंड खुपसता यायचं. आता वर्गाच्या ग्रुपमधून काढून टाकलं, तर रात्री अकरा वाजता अंथरुणात कळतं, आणि सगळ्यांच्या आधी कळतं. शेजारी झोपलेल्या आईला पत्ता नसतो. 'एवढंसं कारण, त्यात काय रडायचं?' असं आपल्याला वाटतं. पंधराव्या वर्षी ते एवढंसं नसतं. त्या वयात बरोबरीच्यांनी नाकारणं ही जखम असते, आणि ती थट्टेवारी नेली की मूल पुढच्या वेळी आपल्याला काहीही सांगत नाही.

आता शिक्षकांकडे येतो.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आत्मकथनातला एक प्रसंग पुष्कळांना माहीत आहे. रामेश्वरमच्या प्राथमिक शाळेत पाचवीत असताना कलाम पहिल्या बाकावर बसत. डोक्यावर टोपी. शेजारी त्यांचा जिवलग मित्र रामनाध शास्त्री, गळ्यात जानवं, मंदिराच्या मुख्य पुजाऱ्यांचा मुलगा. वर्गावर नवे शिक्षक आले. पुजाऱ्याच्या मुलाशेजारी मुसलमानाचा मुलगा बसलेला त्यांना खपलं नाही. त्यांनी कलामना मागच्या बाकावर पाठवलं. रामनाध रडू लागला. ही गोष्ट लक्ष्मण शास्त्री, म्हणजे रामनाधचे वडील, यांच्या कानावर गेली. त्यांनी त्या शिक्षकांना बोलावून घेतलं आणि मुलांसमोरच खडसावलं, की मुलांच्या मनात असं विष कालवू नका. शिक्षकांना पस्तावा झाला आणि पुढे ते बदललेही.

आपण हा प्रसंग सांगतो तो बहुधा लक्ष्मण शास्त्रींच्या थोरवीसाठी. ती थोरवी आहेच. मला मात्र त्यातली मधली एक लहानशी गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळा सुटल्यावर दोन्ही मुलं घरी गेली आणि दोघांनीही आपापल्या आईवडिलांना घडलेलं सांगितलं. त्या संध्याकाळी ती 'काही नाही' म्हणाली असती, तर लक्ष्मण शास्त्री कितीही थोर असते तरी त्यांना काही करता आलं नसतं. मुलांनी सांगितलं, कारण सांगितल्यावर ऐकलं जातं असा त्या दोन घरांतला अनुभव होता. मोठ्यांचा न्याय हा मुलांच्या सांगण्यावर उभा असतो, आणि मुलांचं सांगणं मोठ्यांच्या रोजच्या वागण्यावर.

त्याच पुस्तकात दुसरे शिक्षकही आहेत, विज्ञानाचे शिवसुब्रमण्य अय्यर. त्यांनी कलामना घरी जेवायला बोलावलं. सोवळं पाळणाऱ्या त्यांच्या पत्नीनं स्वयंपाकघरात वाढायला नकार दिला. अय्यरांनी स्वतःच्या हातानं वाढलं आणि शेजारी बसून जेवले. निघताना पुन्हा बोलावलं. पुढच्या खेपेला त्यांच्या पत्नीनं कलामना आत नेऊन स्वतः वाढलं. एका लहान गावात एक शिक्षक मुलाला मागच्या बाकावर पाठवतो आणि दुसरा त्याला आपल्या ताटाशेजारी बसवतो. मुलाच्या आयुष्यात शिक्षकाचा अधिकार केवढा असतो, ते यातून दिसतं.

आपल्या महाराष्ट्रात साने गुरुजींचं उदाहरण आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम पाहत. घर सोडून राहिलेली ती मुलं. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कपडे आवरत, आणि त्यांच्यासाठी हातानं लिहून रोजचं एक दैनिक काढत. वर्गात जे बोलायला वेळ नाही ते या कागदावर बोलत. मुलानं बोलावं असं वाटत असेल तर आधी आपण बोलावं लागतं, हे त्यांना कळलेलं होतं.

माझ्या स्वतःच्या वर्गातली एक आठवण सांगतो. सातवीत 'माझी आजी' हा निबंध होता. सरांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. मी लिहिलं होतं, की माझी दादी मला खागीना करून देते. 'खागीना' ऐकून सगळा वर्ग हसला. कांदा घालून केलेला अंड्याचा पदार्थ तो, आमच्या घरात रोजचा शब्द. मी खाली मान घातली. मराठीचे सर हसले नाहीत, आणि वर्गावर रागावलेही नाहीत. त्यांनी फळ्यावर 'खागीना' लिहिलं, मला तो कसा करतात ते विचारलं आणि म्हणाले, 'उद्या प्रत्येकानं आपल्या घरातला एक असा शब्द आणायचा, जो पुस्तकात नाही.' दुसऱ्या दिवशी फळा भरला. कुणी माडगं आणलं, कुणी येसर, कुणी कोरड्यास. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या मुलानं पच्चडी आणली, कानडी घरातल्या मुलानं सारू. तोवर आम्हाला माहीतच नव्हतं की आमच्या वर्गात एवढी घरं बसलेली आहेत. त्यानंतर कुणी कुणाच्या शब्दाला हसलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र 'खागीना आण की एकदा' अशी मागणी सुरू झाली.

सरांनी काय केलं? ज्या गोष्टीची लाज वाटून मी पुढे कधी बोललो नसतो, ती मित्रांसमोर बोलायची सोय करून दिली. घर आणि वर्ग यांच्यामध्ये त्यांनी दार बसवलं. शिक्षकाचं हे काम कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेलं नसतं.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारायला तर बंदी केलीच, शिवाय मानसिक छळालाही बंदी केली. छडी गेली, बरं झालं. पण जिभेची छडी पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. 'तुझ्याच्यानं काय होणार', 'तुमच्यात असंच असतं' ही वाक्यं अंगावर वळ उठवत नाहीत, म्हणून कुणाला दिसत नाहीत. दुसऱ्या बाजूनं शिक्षकांचंही ऐकायला हवं. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीची आणि इतर सरकारी कामं, माहिती भरण्याचे तक्ते. त्यांनी प्रत्येक मुलाचा चेहरा कधी वाचायचा?

याबाबत आपल्याच देशातला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेनं बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात सुमारे पाऊणशे माध्यमिक शाळांमध्ये एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांमध्ये मुलांशी बोलण्यासाठी, त्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी आणि शाळेतलं वातावरण मोकळं करण्यासाठी वेगळा माणूस नेमला. तो डॉक्टर नव्हता, साधं प्रशिक्षण दिलेला माणूस होता. काही शाळांमध्ये तेच काम तिथल्या शिक्षकांकडे सोपवलं. जिथं वेगळा माणूस होता तिथं मुलांचं शाळेशी नातं सुधारलं, दांडगाई आणि मारामारी कमी झाली, मनाची उदासीही कमी झाली. शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही.

यात शिक्षकांना कमी लेखण्यासारखं काही नाही. मला त्यातून एवढंच कळतं, की जो आपल्याला मार्क देतो त्याला मनातलं सांगणं मुलाला जड जातं. आणि मार्क फक्त शाळेतच मिळतात असं नाही. आईवडीलही दिवसभर मार्क देतच असतात. म्हणून प्रत्येक मुलाला असा एक मोठा माणूस लागतो, जो त्याला मार्क देत नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. २००४ साली आली, पुढे तिच्यावर चित्रपटही झाला. नववीतल्या मुकुंदाला त्यात एक नरूमामा आहे. वडिलांशी किंवा सरांशी जे बोलता येत नाही ते मामाशी बोलता येतं. आपल्या जुन्या घरांतून असे मामा, आत्या, चुलते, खाला, दादी असायचे. कुटुंबं लहान झाली आणि ही मधली माणसं मुलांच्या रोजच्या आयुष्यातून उठून गेली. ती पुन्हा जमवता येतात. शेजारी, वाचनालयातला माणूस, तालमीतले वस्ताद, कुणीही चालतो. एकच अट, त्यानं ऐकावं आणि ऐकलेल्याची बातमी करू नये.

आता थोडं आईवडिलांशी. मुलाला समोर बसवून 'काय झालं ते सांग' असं विचारू नका. ती चौकशी वाटते. मुलं शेजारी शेजारी असताना बोलतात. गाडीवर मागे बसलेली असताना, मटार सोलताना, रात्री गच्चीवर अंथरुणं टाकताना. बोलू लागली की पहिली दहा मिनिटं निकाल देऊ नका. उपदेश नंतरही करता येतो, तो कुठं पळून जात नाही. मुलाच्या चार मित्रांची नावं तुम्हाला माहीत असू द्या, आणि त्यांना घरी येऊ द्या. त्या मॅडमनी वडिलांकडून घेतला तसा शब्द आपणच मुलांना आधी देऊन ठेवायला हवा. 'तू खरं सांगितलंस म्हणून तुझं शिक्षण, तुझं बाहेर जाणं बंद होणार नाही.' आणि दिलेला शब्द पाळायला हवा. एकदा मोडला की वर्षं लागतात.

जी तरुण मुलं हे ऐकत असतील, त्यांच्याशीही एक बोलायचं आहे. मित्राचं गुपित पाळणं हा मैत्रीचा मान आहे, तो पाळा. त्याला एकच अपवाद करा. मित्र मरणाच्या गोष्टी बोलू लागला, किंवा कुणी त्याला इजा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. तो शब्द मोडणं ही गद्दारी नसते. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यात सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यांच्यापैकी किती जणांनी कुणालातरी 'काही नाही' असं उत्तर दिलं असेल? ऑक्टोबर २०२२पासून 'टेलिमानस' नावाची सरकारी फोनसेवा सुरू आहे. नंबर आहे १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर लिहून घ्या. स्वतःसाठी लागला नाही तरी मित्रासाठी लागू शकतो.

तरुण मुलांची नाती तुटतायत, पिढ्यांमध्ये दरी पडलीय, असं आपण वारंवार ऐकतो. अभ्यासिकेच्या टेबलाशी बसून मला तसं वाटत नाही. मुलांना बोलायचं असतं. परवाच एक मुलगा पुस्तक परत करायला आला आणि अर्धा तास उभाच राहिला. त्याला पुस्तक नको होतं. मी रजिस्टर लिहीत राहिलो आणि तो बोलत राहिला. शेवटी म्हणाला, 'बरं वाटलं, काका.' मी त्याला एकही सल्ला दिला नव्हता.

आपल्या घरी, वर्गात किंवा शेजारी असं कुणीतरी उभं असेल. त्यानं 'काही नाही' म्हटलं, तर रागावू नका आणि पाठही फिरवू नका. 'बरं, मी इथंच आहे,' एवढं म्हणा, आणि खरोखरच तिथं राहा.